गेलेली ट्यूब : जबाबदारी कुणाची?



आपल्या शाळेच्या, सोसायटीच्या किंवा डेअरीच्या अडगळीच्या खोलीत एकदा डोकावून पाहा. मोडकी बाकं, फुटका माठ, गेल्या निवडणुकीचे फलक, आणि कोपऱ्यात भिंतीला टेकून उभ्या ठेवलेल्या चार-सहा ट्यूबलाइटच्या नळ्या. दोन्ही टोकांना काळ्या पडलेल्या. कुणी ठेवल्या, कधी ठेवल्या, कुणालाच सांगता येत नाही. टाकायच्या कुठं हे ठाऊक नाही म्हणून त्या तिथं उभ्या आहेत. मग एखाद्या दिवशी साफसफाई निघते आणि त्या उकिरड्यावर जातात. तिथं पोरं त्यांच्या तलवारी करतात. नळी फुटताना जो ‘फट्ट’ आवाज होतो त्याची मौज औरच! आम्हीही लहानपणी ती मौज केलेली आहे, तेव्हा पोरांना दोष द्यायला तोंड नाही.

परंतु त्या नळीतून जी पांढरी भुकटी उडते आणि जी न दिसणारी वाफ निघते, तिच्याविषयी आज बोलायचं आहे. आणि त्याहीपेक्षा कारखाना, दवाखाना, पंचायत, मंडपवाला, शाळा अशा कामाच्या जागी अशा नळ्या निघतात तेव्हा त्यांची वासलात लावण्याचं उत्तरदायित्व कायद्यानं कुणावर टाकलं आहे, ते पाहायचं आहे.

प्रथम नळीच्या आत काय असतं ते समजून घेऊ. साध्या पिवळ्या बल्बमध्ये तार तापते आणि उजेड देते. ट्यूबमध्ये तसं नाही. काचेच्या नळीतली हवा काढून घेतात, आरगॉनसारखा वायू थोडासा भरतात आणि त्यात किंचित पारा सोडतात. टोकांना वीज दिली की पाऱ्याची वाफ उत्तेजित होते आणि तिच्यातून डोळ्यांना न दिसणारे, जांभळ्यापलीकडचे किरण निघतात. काचेला आतून जो पांढरा लेप दिलेला असतो, तो हे किरण शोषून आपल्याला दिसणारा उजेड देतो. सीएफएल म्हणजे हीच नळी पीळ देऊन लहान केलेली. रस्त्यावरचे जुने मर्क्युरी दिवे, साखर कारखान्याच्या गव्हाणीवर हंगामात रात्रभर जळणारे मोठे दिवे, मेटल हॅलाइड आणि पिवळा उजेड देणारे बहुतेक सोडियम दिवेसुद्धा याच कुळातले. पारा त्या सर्वांत आहे. एलईडी दिव्यात मात्र पारा नसतो, हे लक्षात ठेवावं.

पारा किती असतो? अलीकडच्या बारीक नळीत किंवा सीएफएलमध्ये साधारण तीन ते पाच मिलिग्रॅम. पूर्वीच्या जाड नळ्यांत याच्या कित्येक पट. मिलिग्रॅम म्हणजे ग्रॅमचा हजारावा भाग, म्हणजे सुईच्या टोकावर मावेल एवढाच ऐवज. मग एवढा बाऊ कशाला, असं कुणीही विचारील. गुरुजनांनी मुलांकडून फळ्यावर करून घ्यावं असं एक गणित सांगतो. दहा फूट रुंद, बारा फूट लांब आणि दहा फूट उंच अशी खोली घ्या. तिच्यात सुमारे ३४ घनमीटर हवा मावते. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या परिशिष्टात कामगाराच्या श्वासातल्या हवेसाठी पाऱ्याच्या वाफेची मर्यादा दर घनमीटरला ०.०५ मिलिग्रॅम अशी घातली होती. ३४ ला ०.०५ नं गुणा. उत्तर येतं १.७ मिलिग्रॅम. म्हणजे बंद खोलीत एका नळीतला सगळा पारा वाफ होऊन पसरला तर मर्यादा दुपटी-तिपटीनं ओलांडली जाते. प्रत्यक्षात सगळा पारा एकदम वाफ होत नाही; बराचसा त्या भुकटीला आणि काचेला चिकटून राहतो आणि हळूहळू सुटत जातो. तेव्हा घरात एक नळी फुटली म्हणून घाबरून जाण्याचं कारण नाही. दारं-खिडक्या उघडल्या की पुष्कळसं काम होतं.

खरा धोका आहे तो जिथं एक नाही, शंभर नळ्या रोज फोडल्या जातात तिथं.

भंगाराच्या वखारीत हे दृश्य पाहायला मिळतं. बारामतीच्या बाजूला असलेल्या अशा एका वखारीमागं मी स्वतः पाहिलं आहे. तेरा-चौदा वर्षांचा पोरगा गोणपाटावर बसून नळ्यांची टोकं विटेवर आपटत होता. टोकाच्या ॲल्युमिनियमच्या टोप्या एका डब्यात, पितळी टाचण्या दुसऱ्या डब्यात, आणि काच मागच्या खड्ड्यात. वर पत्र्याची शेड, वैशाखाचा महिना. आता पाऱ्याचा एक स्वभाव असा की हवा दहा अंशांनी तापली की त्याची वाफ दुपटीहून अधिक होते. वीस अंशांवर जेवढी, त्याच्या चौपटीहून अधिक चाळीस अंशांवर. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली चाळीस अंश म्हणजे काहीच नव्हे. त्या वाफेला रंग नाही, वास नाही, घशाला ती झोंबत नाही. कीटकनाशक अंगावर उडालं तर माणसाला निदान कळतं तरी! इथं काही कळत नाही. वर्ष-दोन वर्षांनी हाताला कंप सुटतो, हिरड्या सुजतात, माणूस चिडचिडा होतो, विसरायला लागतो, मूत्रपिंडं बिघडतात. आणि त्याचा संबंध त्या नळ्यांशी आहे हे कुणाच्या ध्यानीमनीही येत नाही.

जुन्या वैद्यांना पारा काही नवा नाही. पारा आणि गंधक खलून कज्जली करण्याची रीत आपल्याकडे शतकानुशतकं आहे, आणि धान्याच्या कणगीत पाऱ्याच्या टिकड्या ठेवणारी घरं आजही आहेत. (त्या ठेवू नयेत, हे जाता जाता सांगून टाकतो. कडुलिंबाचा पाला पुरे.) ओळखीचं विष अधिक फसवतं.

आपल्या देशात पाऱ्याच्या भंगाराचं एक मोठं प्रकरण घडलं ते तमिळनाडूत, कोडैकानलला. तिथं हिंदुस्तान लिव्हर कंपनीचा तापमापक करण्याचा कारखाना होता. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेतली यंत्रसामग्री आणून तो उभा केलेला. २००१ च्या मार्चमध्ये गावातल्याच एका भंगाराच्या दुकानात पारा लागलेल्या फुटक्या काचेचा कित्येक टनांचा साठा लोकांनी दाखवून दिला. काच विकली होती कारखान्यानं, घेतली होती भंगारवाल्यानं, आणि ती पडली होती वस्तीत. कारखाना त्याच वर्षी बंद झाला. २००३ मध्ये पाऱ्याचा कचरा जहाजानं परत अमेरिकेला पाठवावा लागला. माजी कामगारांचा लढा पुढं कितीतरी वर्षं चालला आणि २०१६ मध्ये ५९१ जणांशी कंपनीनं समझोता केला. ‘आम्ही माल भंगारवाल्याला विकला, पुढचं त्यानं पाहावं’ हे म्हणणं तिथं टिकलं नाही, ही गोष्ट आपल्या कामाची आहे.

आता आपल्या मुलखाकडे वळू. बारामतीला एमआयडीसी, इंदापुराकडे लोणी देवकरची एमआयडीसी. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, बिजवडी अशा ठिकाणी सहकारी साखर कारखाने. शिवाय दूध प्रकल्प, कापडाचा उद्योग, कोंबड्यांच्या शेड, शीतगृहं, दवाखाने, महाविद्यालयं. या सर्वांनी पूर्वी ट्यूब लावल्या आणि आता एलईडी लावले आहेत किंवा लावत आहेत. २०१५ च्या जानेवारीत केंद्र सरकारची उजाला योजना निघाली, तीतून देशभर ३६ कोटींहून अधिक एलईडी दिवे वाटले गेले. रस्त्यावरच्या दिव्यांची योजनाही त्याच दिवशी सुरू झाली. विजेची बचत झाली, फार चांगलं झालं. परंतु नवा दिवा बसला तेव्हा जुना उतरला, तो गेला कुठं? याचा जमाखर्च कुठल्या पंचायतीच्या दप्तरात आहे?

आणि तो जातो कुठं हे पाण्याच्या वाटेनं पाहिलं पाहिजे. बारामतीचं पाणी कऱ्हेत उतरतं, कऱ्हा सोनगावाजवळ नीरेला मिळते, नीरा नरसिंहपूरला भीमेत जाते. इंदापूरच्या उत्तर अंगाचं पाणी तर सरळ उजनीच्या फुगवट्यात. पाऱ्याची वाफ पावसाबरोबर खाली येते, खड्ड्यातली भुकटी ओढ्यानं वाहते, आणि साचलेल्या पाण्याच्या तळच्या गाळात काही सूक्ष्म जंतू या पाऱ्याचं रूपांतर मिथिल पाऱ्यात करतात. हा प्रकार साध्या पाऱ्याहून फार घातक. तो शेवाळात जातो, शेवाळातून बारीक माशात, बारीक माशातून मोठ्या माशात, आणि दर पायरीला साठत वाढत जातो. जपानातल्या मिनामाता गावी असंच घडलं. तिथल्या रासायनिक कारखान्याचं सांडपाणी खाडीत जात होतं, मासे खाणाऱ्या कोळ्यांची माणसं लुळी पडली, पोरं जन्मतः अपंग झाली. १ मे १९५६ रोजी त्या रोगाची सरकारी नोंद झाली. उजनीत तसं झालं आहे असं माझं मुळीच म्हणणं नाही. मिनामाताचा कारखाना पारा टनांनी सोडत होता. पण भिगवणच्या आणि इंदापूरच्या बाजारात येणारी मासळी याच पाण्यातली आहे आणि सोलापूर शहर हेच पाणी पितं, हे नळी खड्ड्यात टाकणाऱ्यानं ध्यानात घ्यावं. पारा कुजत नाही, जळून नाहीसा होत नाही. एकदा गाळात गेला की तो काढण्याचा उपाय आपल्या खिशाला परवडणारा नाही.

त्या गावाच्याच नावानं पुढं आंतरराष्ट्रीय करार झाला. २०१३ साली देशांनी तो संमत केला, २०१७ च्या ऑगस्टपासून तो अमलात आला, आणि भारतानं २०१८ च्या जूनमध्ये त्याला मान्यता दिली. या कराराच्या २०२३ च्या बैठकीत लांब नळ्यांचं उत्पादन आणि आयात-निर्यात २०२७ पर्यंत थांबवायची असं ठरलं. तेव्हा ट्यूब आता जाणार आहे. परंतु जाताना देशातल्या सगळ्या जुन्या नळ्यांचा एकच शेवटचा मोठा ढीग ती मागं ठेवून जाणार. आपल्या पिढीच्या वाट्याला आलेला प्रश्न हा आहे.

कायदा काय म्हणतो? १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा हे खोड, आणि त्याखाली वेळोवेळी केलेले नियम या फांद्या. ई-कचऱ्याचे नियम पहिल्यांदा २०११ मध्ये झाले. त्यांत दिवे नव्हते. २०१६ च्या नियमांत पारा असलेले दिवे प्रथम आले. आता लागू आहेत ते २ नोव्हेंबर २०२२ रोजी जाहीर झालेले आणि १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेले नियम. त्यांच्या यादीत ट्यूब, सीएफएल आणि पारा असलेले इतर दिवे आहेत.

या नियमांत ‘मोठा ग्राहक’ अशी एक व्याख्या आहे. यादीतली विजेची आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणं मिळून एका आर्थिक वर्षात कोणत्याही वेळी ज्या संस्थेकडे निदान एक हजार नग वापरात असतील ती संस्था मोठी ग्राहक. हजार हा आकडा वाटतो तेवढा मोठा नाही. संगणक, छपाईयंत्रं, फोन, दिवे सगळं धरायचं. साखर कारखाना, मोठं महाविद्यालय, मोठा दवाखाना यांची बेरीज सहज तिथवर जाते. अशा संस्थेनं आपला ई-कचरा नोंदणीकृत उत्पादक, दुरुस्तीकार किंवा पुनर्चक्रण करणारा यांच्याच हाती द्यायचा, इतर कुणाच्या नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर नोंदणीकृतांची यादी असते. माल देण्याआधी समोरच्याचं नाव तीत आहे की नाही ते पाहून घ्यावं. ‘आमच्याकडे सर्टिफिकेट आहे’ एवढ्यावर भागत नाही. सर्टिफिकेट कशाचं, मुदत संपली का, दिव्यांसाठी आहे की नुसत्या संगणकांसाठी, हे विचारावं.

आता कुणी म्हणेल, आम्ही दिवे उतरवण्याचं काम कंत्राटदाराला दिलं, त्याच्याशी करार आहे. करार असू द्या. तो तुमच्या-त्याच्यातला. कारखाना ज्याच्या ताब्यात आहे तो कचऱ्याचा धनी, ही घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांची भूमिका आहे, आणि गैरहाताळणीनं पर्यावरणाचं किंवा तिसऱ्या माणसाचं नुकसान झालं तर भरपाई त्या धन्याकडूनही मागता येते. नळी अखंड आहे तोवर ती ई-कचरा. कारखान्यातच फोडून तिची पाऱ्याची भुकटी वेगळी साठवली तर तुम्ही या घातक कचऱ्याच्या नियमांत पाऊल टाकलं असं समजा. मग साठा नव्वद दिवसांच्या आत हलवणं, वाहतुकीचं नोंदपत्र आणि ३० जूनपर्यंतचं वार्षिक विवरणपत्र, असं पुष्कळ मागं लागतं. म्हणून माझा सरळ सल्ला असा की कारखान्यात नळी फोडूच नका.

दंडाविषयी जुनी माहिती अजून सांगितली जाते, ती दुरुस्त करून घ्या. पूर्वी या कायद्याखाली पाच वर्षांपर्यंत कैद होती. २०२३ च्या जनविश्वास कायद्यानं ती कैद काढून त्या जागी दहा हजारांपासून पंधरा लाख रुपयांपर्यंत दंड ठेवला, आणि हा बदल १ एप्रिल २०२४ पासून लागू झाला. ठोठावलेला दंड भरला नाही तर मात्र तुरुंगाची वाट आहेच. कैद गेली म्हणून काही मालकांना हायसं वाटलं असेल. पण खटला चालून शिक्षा होण्याला जी वर्षं लागत, ती आता लागणार नाहीत, हेही त्यांनी मोजावं.

कामगाराच्या बाजूनं पाहिलं तर पाऱ्याची विषबाधा हा मालकानं आणि डॉक्टरानं सरकारला कळवण्याचा रोग आहे. १९४८ च्या कायद्याच्या यादीत तो होता आणि २०२० च्या नव्या कामगार सुरक्षा संहितेच्या यादीतही आहे. दिव्यांचं काम करणाऱ्या वायरमनला हातमोजे आणि मुखपट्टी मागण्याचा अधिकार आहे. मागणारा विरळा, ही गोष्ट वेगळी.

खरी अडचण पैशाची आहे, ती लपवून चालणार नाही. भंगारवाला नळ्यांसाठी चार पैसे देतो, निदान फुकट उचलून नेतो. अधिकृत केंद्र उलट आपल्याकडून पैसे घेतं, कारण नळीतून निघणाऱ्या काच-ॲल्युमिनियमच्या किमतीपेक्षा पारा काढण्याचा खर्च जास्त. शिवाय ने-आण आहेच. लहान कारखानदार म्हणतो, माझ्या वीस नळ्यांसाठी टेम्पो कोण धाडतो? त्याचं चुकत नाही. पण ज्या मुलखात घरटी दोन लिटर दूध गोळा करून टँकर भरतो आणि एकेका गुंठ्याचा ऊस जमवून कारखाना चालतो, त्या मुलखाला वीस-वीस नळ्या एका ठिकाणी जमवणं अवघड का जावं? औद्योगिक वसाहतीच्या संघटनेनं, नाहीतर एखाद्या सहकारी संस्थेनं एक पक्की खोली द्यावी, वर्षातून एक-दोनदा खेप पाठवावी आणि खर्च नगावारी वाटून घ्यावा. पुनर्चक्रण करणारा मिळाला नाही तर, पारा बांधून टाकणारी प्रक्रिया आधी करून, तो माल घातक कचऱ्याच्या सामायिक केंद्रात नेण्याची वाट आहे. असं केंद्र आपल्याच जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात रांजणगावला आहे. शंका असल्यास महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पुण्याच्या कार्यालयाला लेखी विचारावं. लेखी विचारल्याची पोच जपून ठेवावी, ती पुढं उपयोगी पडते.

खोली कशी असावी? फरशी सिमेंटची, छत न गळणारं, हवा खेळती, ऊन न लागणारी. नवी नळी ज्या पुठ्ठ्याच्या पेटीतून आली तीच पेटी जुन्या नळीला ठेवावी; यापेक्षा स्वस्त उपाय नाही. नळ्या आडव्या ठेवाव्यात, सुतळीनं करकचून मोळी बांधू नये. पेटीवर मराठीत ठळक लिहावं : ‘पाऱ्याचे दिवे, फोडू नयेत’. आणि एक वही. तारीख, किती नग उतरले, किती दिले, कुणाला दिले, पावती क्रमांक. उद्या तपासणी झाली तर हीच वही तुमची बाजू सांगेल.

मंडपवाल्यांना वेगळं सांगायला हवं. तुकोबारायांची पालखी बारामतीहून सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी करीत इंदापूरला येते, तेव्हा वाटेवर मुक्कामोमुक्कामी रोषणाई होते. लग्नसराई आणि गणपतीही आहेत. ज्यांच्याकडे अजून जुन्या नळ्यांचे सांगाडे आहेत त्यांच्या नळ्या टेम्पोत चढता-उतरताना फुटतात, आणि काच तिथंच रस्त्याकडेला सारली जाते. त्यावरून अनवाणी वारकरी चालतो. मंडपवाला लहान असो की मोठा, निदान एक झाकणाचा डबा टेम्पोत ठेवायला त्याला काही लागत नाही.

शाळा आणि घरं यांच्यासाठी : २०१६ च्या घनकचरा नियमांनीच सीएफएल आणि ट्यूब यांना घरगुती घातक कचऱ्यात घातलं, आणि तो वेगळा ठेवण्याचा दंडक पुढंही कायम आहे. नगरपरिषदेच्या घंटागाडीला नळी देताना ओल्या-सुक्यात न टाकता वेगळी, कागदात गुंडाळून हातात द्यावी आणि ती पुढं कुठं जाते हे एकदा विचारावं.

शेवटी, वर्गात नळी फुटलीच तर काय करावं ते गुरुजनांनी लिहून घ्यावं. मुलांना बाहेर काढा. पंखा बंद करा, खिडक्या उघडा आणि पंधरा मिनिटं आत जाऊ नका. केरसुणी लावू नका, केरसुणीनं भुकटी उडते आणि केरसुणीही बाद होते. दोन जाड पुठ्ठ्यांनी काच गोळा करा, बारीक कण चिकटपट्टीनं टिपा, मग ओल्या फडक्यानं फरशी पुसा. काच, पट्टी, फडकं, पुठ्ठे सगळं काचेच्या बरणीत घालून झाकण घट्ट लावा. बरणी वर्गात ठेवू नका. प्रयोगशाळेतला तापमापक फुटला तर पाऱ्याचे थेंब दोन कागदांनी एकत्र ढकलून बरणीतल्या पाण्यात सोडा. फटीत अडकलेल्या थेंबावर गंधकाची भुकटी टाका. द्राक्षबागायतदाराच्या घरी ती हमखास मिळते. आणि हात साबणानं धुतल्यावाचून डबा उघडू देऊ नका.